सारा कोणाच्या नावावर? इंग्रजी काळातील जमीनपद्धती आणि आजची विषमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीचा विषय निघाला की काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. वर्गात येतात, व्याख्यानानंतर येतात, घरात वाटणीची कागदपत्रे काढली की हमखास येतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. उदाहरणे मुख्यतः भारतातली आणि त्यातही महाराष्ट्रातली आहेत, कारण एका राज्याच्या हद्दीत जमीनधारणेचे इतके वेगवेगळे नमुने शेजारीशेजारी क्वचितच सापडतात.

दोनशे वर्षांपूर्वी सारा, म्हणजे जमीन महसूल, कसा गोळा केला, याचा आजच्या पिकाशी किंवा शाळेशी काय संबंध?

जमीन महसूल हे कंपनी सरकारचे मुख्य उत्पन्न होते. तो कोणाकडून घ्यायचा हे ठरवताना इंग्रजांनी आणखी एक गोष्ट ठरवून टाकली: जमिनीचा मालक कोण. सरकारी वहीत ज्याचे नाव लागले त्याला जमीन विकता आली, गहाण टाकता आली, तिच्यासाठी कोर्टात उभे राहता आले. ज्याचे नाव लागले नाही तो पिढ्यानपिढ्या कसत असूनही दुसऱ्याच्या जमिनीवरचा माणूस ठरला.

पुढचे बरेच काही यातून आले. सरकार ज्याला ओळखते त्याच्या बांधावर मोजणीदार येतो, दुष्काळात त्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळते, नंतरच्या काळात सोसायटीचे कर्ज मिळते. तो कचेरीत जाऊन हुज्जत घालायला शिकतो. गावातली अशी पन्नास-शंभर माणसे एकत्र आली की शाळा, रस्ता, पाटाचे पाणी मागता येते. जिथे सरकारची ओळख फक्त जमीनदाराच्या वाड्यापर्यंत होती तिथे ही सवय लागायलाच दोन पिढ्या उशीर झाला. कोणाकडे किती एकर होते याइतकेच, सरकार गावात कोणाला नावाने ओळखत होते, हे मला महत्त्वाचे वाटते. पुढची बहुतेक उत्तरे या एका धाग्यावर ओवलेली आहेत.

जमीनदारी, रयतवारी आणि महालवारी यांत फरक काय?

जमीनदारीत सरकारचा व्यवहार जमीनदाराशी. बंगाल, बिहार आणि ओरिसाच्या काही भागात लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९३ साली कायमधाऱ्याची पद्धत आणली. कुळांकडून येणाऱ्या खंडाचे अकरा हिस्से धरले तर दहा सरकारचे आणि एक जमीनदाराचा. ही रक्कम कायमची ठरली. ठरल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत भरणा झाला नाही तर जमीनदारी लिलावात जाई. सुरुवातीला अनेक जुनी घराणी यात बुडाली आणि कलकत्त्याचे व्यापारी, कचेरीतले अधिकारी नवे जमीनदार झाले. नंतर भाव वाढले, पडीक जमीन लागवडीखाली आली, खंड चढला. सरकारचा आकडा मात्र जागचा हलला नाही. मधला फायदा वरच्यांच्या हाती राहिला. जमीनदाराने पत्तनीदार नेमावा, त्याने आपल्या हाताखाली आणखी कोणी नेमावा, अशी उतरंड वाढत गेली आणि तिचा सगळा भार तळाच्या कुळावर आला.

रयतवारीत सरकारचा व्यवहार थेट कसणाऱ्या खातेदाराशी. मद्रास इलाख्यात टॉमस मन्रोने ती रुजवली, मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळापासून ती घडत गेली. महालवारीत गावाने किंवा गावातल्या भाऊबंदकीने मिळून साऱ्याची जबाबदारी घ्यायची. वायव्य प्रांत (आजच्या उत्तर प्रदेशाचा बराच भाग) आणि पंजाब ही तिची मुख्य क्षेत्रे.

मग कुठे कोणती पद्धत लावायची हे कशावरून ठरले? जमिनीच्या कसावरून का?

फारच थोड्या ठिकाणी. बरेचसे त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या मतांवर आणि राजकीय भीतीवर ठरले. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या बड्या जमीनमालकांसारखा वर्ग इथे उभा करायची कल्पना जोरात होती. १८२० च्या सुमारास वारे फिरले, आणि मधला माणूस काढून रयतेशी थेट बोलावे असे मन्रोसारखे अधिकारी म्हणू लागले.

अवधची गोष्ट यासाठी फार बोलकी आहे. १८५६ साली अवध खालसा केल्यावर इंग्रजांनी अनेक तालुकदारांना, म्हणजे बड्या जमीनदारांना, बाजूला सारून गावकऱ्यांशी बंदोबस्त, म्हणजे साऱ्याची ठरावणी, सुरू केला. पुढच्याच वर्षी उठाव झाला आणि गावे तालुकदारांच्या मागे उभी राहिली. उठाव मोडल्यावर लॉर्ड कॅनिंगच्या सरकारने तालुकदारांनाच जमिनी परत देऊन आपलेसे केले. जमीन तीच, नद्या त्याच, माणसे तीच. तीन वर्षांत मालक दोनदा बदलले.

पण हे सिद्ध कसे करणार? बंगाल-बिहार मागे राहिले त्याला शंभर कारणे असतील.

अगदी रास्त शंका. तिला उत्तर देण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केला. इंग्रजी अमलाखालच्या १६६ जिल्ह्यांत कोणती पद्धत होती हे त्यांनी जुन्या बंदोबस्ताच्या अहवालांतून काढले आणि १९५६ ते १९८७ या काळातली शेती त्याशी ताडून पाहिली. जमीनदारी नसलेल्या जिल्ह्यांत गव्हाचे हेक्टरी उत्पादन सरासरी २३ टक्के जास्त आणि बालमृत्यूचे प्रमाण ४० टक्के कमी निघाले. खते, सिंचन आणि सुधारित बियाणे यांतही तोच कल दिसला.

त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. सुपीक प्रांत आधी जिंकले आणि तिथे जमीनदारी आली, असे असेल तर तुलना फसवी ठरते. म्हणून त्यांनी प्रांत कधी जिंकला याचा आधार घेतला. १८२० ते १८५६ या काळात ताब्यात आलेल्या मुलखात जमीनदारी नसण्याची शक्यता जास्त होती, कारण तेव्हा अधिकाऱ्यांची मते तशी होती. जिंकण्याचे वर्ष काही जमिनीच्या कसावर ठरत नाही. याशिवाय सीमेला सीमा लागलेले पण पद्धत वेगळी असलेले जिल्हे त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. तिथे पाऊस आणि माती जवळपास सारखी असते.

जमीनदारी तर १९५० च्या दशकातच गेली. मग फरक मिटायला नको होता का?

या विषयातले सर्वांत त्रासदायक कोडे हेच आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. इंग्रजी काळात जमीनदारी मुलूख उत्पादनात मागे होता असे दिसत नाही. दरी रुंदावली ती १९६५ नंतर, हरितक्रांतीच्या वेळी.

संकरित बियाण्याला पाणी लागते, खत लागते, म्हणजेच हातात पैसा लागतो. विहिरीसाठी कर्ज हवे तर नावावर जमीन हवी. कालवा, वीज, कृषी अधिकारी, गोदाम हे सगळे सरकारने आणायचे असते, आणि सरकारकडून ते मिळवायला गावात एकी व कचेरीची ओळख लागते. रयतवारी गावांत हे सगळे कमीअधिक प्रमाणात तयार होते. जमीनदारी मुलखात कुळांच्या हक्कांची नोंदच उशिरा सुरू झाली. बंगालचा कूळकायदा १८८५ सालचा, म्हणजे कायमधाऱ्यानंतर ९२ वर्षांनी आलेला. त्याआधी कोण काय कसतो हे सरकारला नीट ठाऊकच नव्हते, कारण ते जाणून घ्यायची त्याला गरज नव्हती.

राजकारणही वेगळ्या दिशेला गेले. बिहारमध्ये जमीनदारी रद्द करणारा १९५० चा कायदा दरभंग्याचे महाराज कामेश्वर सिंह यांनी पाटणा उच्च न्यायालयात रद्द करवला. अशा खटल्यांना तोंड देण्यासाठी १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववे परिशिष्ट, म्हणजे न्यायालयीन आव्हानापासून वाचवायच्या कायद्यांची यादी, जन्माला आले. मालक आणि कूळ यांची झुंज पुढे कित्येक वर्षे चालली. ज्या विधानसभेत प्रश्न ‘जमीन कोणाची’ हाच असतो तिथे शाळा आणि दवाखाना मागे पडतो. बॅनर्जी आणि अय्यर यांचेही म्हणणे साधारण असेच आहे: जुनी कटुता धोरणांत उतरली. बिहारने २०२४ साली राज्यभर विशेष भूमी सर्वेक्षण हाती घेतले तेव्हा लोक वंशावळी आणि जुन्या पावत्या शोधत शहरांतून गावाकडे धावले. नोंद नसणे किती काळ टिकते ते यातून दिसते.

महाराष्ट्रात कोणती पद्धत होती?

एक नव्हती. देशावर, म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक या पट्ट्यात आणि खानदेशात रयतवारी होती. कोकणात, मुख्यतः रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यात, खोती. नागपूर, भंडारा, चांदा या पूर्व विदर्भात मालगुजारी. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे कारभारासाठी आले आणि तिथे मुंबईच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. मराठवाडा निजामाकडे राहिला; तिथे दिवाणी, म्हणजे थेट सरकारी महसुलाच्या, मुलखासोबत जहागिरी आणि खुद्द निजामाचा सर्फ-ए-खास मुलूखही होता. जहागिरी १९४९ साली रद्द झाल्या.

विदर्भाचे दोन भाग विशेष पाहण्यासारखे आहेत. अमरावतीकडून नागपूरकडे जाताना तुम्ही एका जमीनपद्धतीतून दुसरीत जाता. ‘विदर्भ मागास का’ या चर्चेत ही रेषा क्वचितच कोणी काढतो.

देशावरची रयतवारी कशी घडली?

चुका करत करत. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचा असिस्टंट कलेक्टर प्रिंगल याने निव्वळ उत्पन्नाचा हिशेब काढून ५५ टक्के सारा ठरवला. कागदावर ते शास्त्रशुद्ध होते. प्रत्यक्षात मोजणीत गडबडी, आकारणी जड, आणि वर पडते भाव. इंदापूर तालुक्यातली शेते ओस पडली, लोक शेजारच्या मुलखात निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरपासूनच नव्याने सुरुवात केली. प्रत्येक शेताला नंबर दिला, मातीची प्रतवारी आण्यांत मांडली, सारा हलका केला आणि तो तीस वर्षे वाढवणार नाही असे सांगितले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत इलाखाभर पक्की केली. आपण आज ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो तो याच कामातून आला.

म्हणजे रयतवारी शेतकऱ्याच्या हिताची होती?

जमीनदारीच्या तुलनेत हो. पण तिचे गोडवे गाणाऱ्यांनी १८७५ चा सुप्याचा उठाव विसरू नये.

रयतेला मालकी मिळाली म्हणजे जमीन गहाण ठेवण्याचा हक्कही मिळाला. सारा रोखीत आणि ठरल्या हप्त्याला भरायचा; पीक येवो न येवो. मग सावकाराची पायरी चढणे आलेच. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ कापसाचा भाव भडकला तेव्हा कर्ज सहज मिळाले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून नव्या मोजणीत सारा चढला. सावकाराच्या हाती कर्जखत, खतावर अंगठा, आणि मागे दिवाणी कोर्ट. पूर्वी सावकाराला गावाची भीड होती. कोर्टाच्या हुकूमनाम्याला ती राहिली नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावागावांत त्यांनी सावकारांकडची खते आणि चोपड्या मागून घेऊन जाळल्या. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. आपले दुःख नेमके कुठे लिहिले आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडची गोष्ट याहून वाईट. तिथल्या वारल्यांची जमीन विकता येण्याजोगी झाल्यावर सावकार आणि मोठ्या जमीनमालकांनी ती हळूहळू गिळली. कालचा खातेदार आपल्याच शेतावर वेठ करू लागला. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या सोबतीने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तो या अवस्थेतून. नाव लागणे पुरेसे नसते; ते टिकवण्याचे बळही लागते.

कोकणात खोती म्हणजे नेमके काय होते?

खोत हा गावाचा सारा सरकारात भरणारा वतनदार. मुळात वसुलीचा मक्ता, पण व्यवहारात गावच त्याचे. कुळाने भाताच्या जमिनीवर निम्मे पीक खोताला द्यायचे, त्याला अर्धेल म्हणत. वरकस डोंगरउतारावर तिसरा हिस्सा. शिवाय वेठ: खोताच्या शेतावर फुकट नांगर, घरच्या कार्याला लाकडे, पालखीला खांदा. १८८० च्या खोती कायद्याने नोंदी झाल्या, काही कुळांना हक्क मिळाले, पण खोत आपल्या जागी पक्का राहिला.

याविरुद्धचा लढा महाराष्ट्राने जितका लक्षात ठेवायला हवा होता तितका ठेवलेला नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवले की जमीन कसायचीच नाही. आजूबाजूच्या २५ गावांत शेते पडून राहिली. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे. ज्यांचे पोट त्या भातावर होते त्यांनी ते पेरले नाही. लाकडे विकून, मोलमजुरी करून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. कायद्याने खोती संपली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० साली.

आर्थिक परिणाम म्हणाल तर मुंबईच्या गिरण्यांकडे पाहा. रत्नागिरी हा गिरणगावाला माणसे पुरवणारा सर्वांत मोठा जिल्हा होता. याला खोती एकटी जबाबदार नाही. भाताची तुकडी लहान, कातळ जास्त, बोटीने मुंबई जवळ. पण निम्मे पीक दुसऱ्याच्या कोठीत जाणार असेल तर कूळ बांध का घालील, कलमे का लावील? मेहनत आणि पैसा गावाच्या जमिनीत घालण्याऐवजी तरुण चाळीत गेला आणि गावी मनीऑर्डर येऊ लागली. आजही कोकणात एका गुंठ्याच्या उताऱ्यावर वीस-तीस नावे दिसतात, त्यातली निम्मी मुंबईत असतात, आणि सह्या जमल्या नाहीत म्हणून जमीन पडून राहते.

नागपूरच्या मालगुजारीवरून अभ्यासकांत वाद आहे, तो काय?

मालगुजार म्हणजे गावाचा सारा भरणारा. १८५४ साली नागपूर खालसा झाले आणि १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. म्हणून बॅनर्जी आणि अय्यर यांनी मध्य प्रांत जमीनदारीच्या रकान्यात टाकला. २०१३ साली इव्हर्सन, पामर-जोन्स आणि सेन यांनी त्यावर बोट ठेवले. मध्य प्रांतात बऱ्याच रयतांना कब्जेहक्क होते, त्यांचा खंड मालगुजार मनाला येईल तसा वाढवू शकत नव्हता. तो बंदोबस्त अधिकारी ठरवत असे. बंगालच्या जमीनदाराशी त्याची बरोबरी करणे चूक, असे त्यांचे म्हणणे. मध्य प्रांताचा रकाना बदलला की शेतीतल्या उत्पादनाचा तो मोठा फरक टिकत नाही, असे त्यांनी दाखवले.

मला ही टीका बरीचशी पटते. नाव सारखे म्हणून सत्ता सारखी नसते. आणि ती मूळ मुद्द्याला बळच देते: मालगुजाराच्या गावात सरकार रयतेला ओळखत होते, तिचा खंड स्वतः ठरवत होते.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट दिसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, त्यांत कोहळी समाजाचे कसब मोठे. भाताला पाणी, मासे, शिंगाडा, गाळ, सगळे त्यावर चाले. मालगुजार गावाकडून राबवून घेऊन त्यांची पाळ, म्हणजे बांध, आणि पाणी सोडण्याची वाट राखत असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. राखणारा गेला आणि त्याच्या जागी गावाला कोणी अधिकारपत्र दिले नाही. गाळ साचला, पाळी फुटल्या, पोटात अतिक्रमण झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. पण मालक हटवताना त्याने सांभाळलेले सामाईक काम कोणाकडे जाणार, हे कायद्यात लिहायचे राहून गेले.

गोव्यात काय झाले?

गोव्यात गावकरी ही जुनी सामाईक व्यवस्था होती. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हणून कायद्यात बसवले. गावकऱ्यांच्या वंशजांना झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळे, जमीन लिलावाने कसायला दिली जाई, आणि खाडीकाठच्या खाजन जमिनींचे बांध कोमुनिदाद राखत असे. दुसरीकडे जमीनमालक भाटकार आणि त्याच्या भाटात घर बांधून राहणारा मुंडकार. घर त्याचे, खालची जमीन भाटकाराची, त्यामुळे भाटकाराच्या शब्दाबाहेर जाणे अवघड. मुक्तीनंतर १९६४ चा कूळकायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती आली. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली, आणि अनेक ठिकाणी मामा तलावांसारखीच रड सुरू झाली: खारे पाणी आत आले, शेते पडीक राहिली.

कूळकायद्याने किती बदल झाला?

ज्या घरांत कूळकायद्याच्या कलम ‘३२ग’चा, म्हणजे जमिनीची किंमत ठरल्याचा, कागद जपून ठेवलेला आहे त्यांना विचारा. मुंबईचा कूळकायदा १९४८ चा. १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची, ती हप्त्यांनी भरायची, मग मालकीचे ‘३२म’चे प्रमाणपत्र. मराठवाड्यासाठी १९५० चा आणि विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा.

पण १९४८ ते १९५७ या नऊ वर्षांत मालकांना वेळ मिळाला. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेल्या पाहणीत कुळांनी ‘स्वखुशीने’ जमिनी सोडल्याच्या नोंदी मोठ्या प्रमाणात आढळल्या. खुशी कसली ते ज्यांनी अंगठे दिले त्यांना ठाऊक. जिथे चळवळ झाली होती, जिथे कुळांची नावे आधीच वहीत होती, तिथे कायदा जास्त लागला.

साखर कारखाने देशावरच का वाढले? त्याचा याच्याशी संबंध आहे?

पाण्याशी आधी. प्रवरा आणि गोदावरीचे कालवे नसते तर ऊस नसता. पण कालव्याच्या कडेला एकमेकांच्या जवळपासचे, स्वतःच्या नावाने जमीन असलेले शेकडो बागाईतदार होते, म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांना प्रवरेचा सहकारी कारखाना उभा करताना भागधारक मिळाले. कुळांच्या मुलखात भाग कोणी घेतला असता?

विषमतेचा चटका सहकारालाही बसला. बॅनर्जी, मुखर्जी, मुंशी आणि रे यांनी २००१ साली महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सभासदांच्या जमिनींत तफावत वाढते तशी मोठ्या बागाईतदारांची संचालक मंडळावर पकड बसते, उसाचा भाव दाबला जातो आणि शिल्लक रक्कम संस्थेच्या नावाने त्यांच्या हाती फिरते, असे त्यांनी दाखवले. भाव सगळ्यांना सारखाच. पण दाबलेल्या भावातून साचलेली रक्कम कुठे वळवायची हे थोडेच ठरवतात.

ज्यांच्याकडे जमीन कधीच नव्हती त्यांचे काय?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, याचेच वाईट वाटते. रयतवारीने खातेदाराला ओळख दिली. शेतमजुराला दिली नाही. महार वतनाची जमीन होती, पण ती गावकीच्या कामाच्या बदल्यात, म्हणजे बंधन म्हणून. आंबेडकरांनी १९२८ पासून तिच्याविरुद्ध विधेयके मांडली. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. कूळकायद्याने कुळाला मालक केले, पण सालगड्याला नाही, कारण तो कूळ नव्हता. दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. लोकांनी तुरुंग भरले, मागणी पडीक सरकारी जमिनीची होती. गायरानांवरची ती अतिक्रमणे आजही अनेक गावांत नावावर लागायची वाट पाहत आहेत.

जगात इतरत्रही असेच दिसते का?

दिसते, पण एका साच्यात नाही. पेरूमध्ये स्पॅनिश सत्तेने १५७३ ते १८१२ पोटोसी आणि वांकावेलिकाच्या खाणींसाठी ठरावीक गावांतून सक्तीचे मजूर नेले, त्याला मिता म्हणत. अर्थशास्त्रज्ञ मेलिसा डेल यांनी त्या हद्दीच्या आतबाहेर पाहिले, तेव्हा आतल्या घरांचा खर्च आजही सुमारे २५ टक्के कमी निघाला. आश्चर्य असे की मोठ्या जमीनमालकांच्या जमिनी, म्हणजे हासिएंदा, हद्दीच्या बाहेर जास्त होत्या. त्या मालकांनी रस्ते मिळवले. आतल्या गावांची जमीन सामाईक होती, पण हक्क कच्चे आणि सरकारशी बोलणारे कोणी नाही. ‘मोठा जमीनदार म्हणजे मागासलेपण’ हे सूत्र इथे उलटे पडते.

तैवानमध्ये १९४९ साली खंडावर ३७.५ टक्क्यांची मर्यादा आली आणि १९५३ साली कसणाऱ्याला जमीन मिळाली. हे झपाट्याने झाले, आणि आपल्यासारखी नऊ वर्षांची मुदत मालकांना मिळाली नाही.

माझ्या गावात कोणती पद्धत होती ते कसे शोधू?

सातबाऱ्यापासून सुरुवात करा. वरच्या भागात ‘भूधारणा पद्धती’ लिहिलेली असते. ‘भोगवटादार वर्ग १’ म्हणजे साधारणपणे मोकळी मालकी. ‘वर्ग २’ असेल तर कूळकायदा, वतन किंवा सरकारी वाटप यांपैकी काही मागे आहे; विकायला परवानगी लागते. कूळकायद्याच्या जमिनीसाठी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून ही अट काढता येते. ‘आकार’ या रकान्यातले रुपये-पैसे बघा. ते इतके क्षुल्लक वाटतात, कारण त्यांचे मूळ जुन्या आणेवारीच्या प्रतवारीत आहे.

मग फेरफार क्रमांक धरून मागे जा. पश्चिम महाराष्ट्रात नोंदी १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतरच्या मिळतात. कोकणात जुन्या खोती गावाचे बोटखत, म्हणजे कुळांची नोंदवही, असते. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरापत्रक मागा. पूर्व विदर्भात असाल तर तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात बंदोबस्त मिसल, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज विचारा. हे शेवटचे दोन कागद फार थोडे लोक मागतात. गुरे कुठे चरायची, सरपण कुठून आणायचे, शेताला वाट कुठून, तलावाचे पाणी आणि मासे यांवर कोणाचा हक्क, हे सगळे गावाच्या नावाने त्यांत लिहिलेले असते.